तुरीच्या खोडातली काळी रेघ

१९८८ सालचा डिसेंबर असावा. शिरूर तालुक्यातल्या एका शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो आणि कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी या बाजूची पीककर्जे माझ्या टेबलावर येत. नोकरीला सहा वर्षे झाली होती, लग्नाला दोन, आणि आपल्याला शेतीतले थोडेफार कळते असा माझा समज नुकताच पक्का होऊ लागला होता. अशा एका सकाळी कवठ्याचे एक खातेदार, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, तुरीचे उपटलेले झाड घेऊन आले आणि ते त्यांनी सरळ माझ्या लेजरवर ठेवले. मुळांची माती पानांवर सांडली. आप्पांनी खिशातून चाकू काढला, खोडाची साल सोलली आणि आतली काळपट रेघ दाखवली. बुंध्यापासून वर चढत गेलेली, शाईत बुडवलेल्या दोऱ्यासारखी. जमिनीत ओल आहे, पाऊस चांगला झालाय, तरी फुलात आलेली तूर माना टाकते आहे, अर्ध्या रानात ठिगळे पडलीत, असे त्यांचे सांगणे होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला त्या रेघेत काहीही दिसले नाही. मला दिसत होती ती गावाची पैसेवारी. ती पन्नास पैशांच्या वर होती, म्हणजे सरकारी हिशेबाने पीक चांगले होते, म्हणजे कर्जाचे रूपांतर करता येत नव्हते. मी तसे त्यांना समजावून सांगितले. आप्पांनी झाड उचलले, लेजरवरची माती तळहाताने पुसली आणि ते गेले. थकबाकीच्या तक्त्यात कारणाच्या रकान्यात मी काय लिहिले, ते आज इथे सांगायला लाज वाटते.

पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा आले. तोच गट नंबर, तीच बाजरी, तीच तूर. मी कर्ज मंजूर केले. त्या हिवाळ्यात ठिगळे एक झाली आणि सगळे रान वाळले. आप्पांनी बैलजोडी विकली आणि दोन्ही कर्जे व्याजासकट भरली. वसुली शंभर टक्के झाली म्हणून तपासणीच्या अहवालात माझ्याबद्दल दोन बरे शब्द आले.

हे सारे मी विसरलो होतो. आठवण झाली ती माझ्या भाचीमुळे. ती पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. हा विषय घेणाऱ्यांच्या घरच्यांना काय सोसावे लागते, हे ज्याचे त्याला ठाऊक. माझ्या बहिणीच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी एक दिवस काचेच्या चपट्या डब्या निघाल्या आणि त्यांत पांढरी, गुलाबी, काळी बुरशी निगुतीने वाढवलेली. बटाट्याचा काढा, साखर आणि अगार यांच्या खळीवर ही मंडळी पोसली जातात. घरात त्यावरून काय रामायण झाले ते असो. तिची वही चाळताना मला तुरीच्या मर रोगाचे पान दिसले. शेजारी खोडाचा उभा छेद, त्यात काळी रेघ, आणि खाली बुरशीचे नाव : फ्युजेरियम उडम, पुढे बटलर.

बटलर इंग्रजी ऐकलेल्या माझ्या पिढीला हा शब्द खानसाम्याचा वाटतो. भाचीने मला वेड्यात काढले. जीवशास्त्रात एखाद्या जिवाला ज्याने प्रथम नाव दिले, त्याचे आडनाव त्या नावामागे कायमचे लागते. हे बटलर म्हणजे एडविन जॉन बटलर, भारतातल्या बुरशीशास्त्राचे आणि वनस्पती रोगशास्त्राचे जनक. शेतकीचा प्रत्येक पदवीधर परीक्षेपुरते का होईना, हे नाव पाठ करतो. मी तारीख विचारली. तिने १९१० सांगितली. आप्पा माझ्यासमोर झाड घेऊन उभे होते त्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी त्या काळ्या रेघेचा उलगडा झालेला होता, छापून निघालेला होता. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यात, किल्की नावाच्या गावी. वडील न्यायदंडाधिकारी होते. हा किनारा नुसता देखावा म्हणून आठवायचा नाही. १८४५ पासून पुढे चार-पाच वर्षे आयर्लंडमधला बटाटा शेतातल्या शेतात काळा पडून सडला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. क्लेअर हा त्यात फार पोळलेला भाग. देवाचा कोप, हवेतली वीज, आगगाड्यांचा धूर अशी कारणे लोक देत होते. पाऊसपाण्यात पानावर वाढणारी एक बारीक बुरशी हे सारे करते, हे जर्मनीच्या डी बॅरी यांनी १८६० नंतर निःसंशय सिद्ध केले. बटलर जन्मले तेव्हा त्या दुष्काळाला तीस वर्षेही झाली नव्हती. मोठ्या माणसांच्या आठवणीत तो ताजा असणार.

लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक. शाळा मध्येच सुटली आणि बरेचसे शिक्षण वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. पुढे ते कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात डॉक्टरीला गेले आणि १८९८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. आपल्याकडे मुलगा डॉक्टर झाला की आईबापांनी गंगेत घोडे न्हाले म्हणावे. हे गृहस्थ मात्र माणसांच्या रोगाकडे पाठ फिरवून झाडांच्या रोगाकडे वळले. कॉलेजात मार्कस हार्टॉग नावाचे प्राध्यापक होते, पाण्यात वाढणाऱ्या बुरश्यांचे अभ्यासक. त्यांच्या नादाने सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. मग पॅरिस, आन्तीब, फ्रायबुर्ग, लंडनजवळचे क्यू असे फिरत ते बुरश्या शिकत राहिले. त्या काळी या विषयाची पदवी नव्हती. जिथे गुरू तिथे जायचे, हीच पद्धत.

इकडे हिंदुस्थानात १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ होऊन गेला होता. सरकारला शेतीखाते नीट उभे करण्याची निकड वाटू लागली होती. त्यात माणुसकी किती आणि कापूस, ऊस, चहा, नीळ यांच्या महसुलाची काळजी किती, हे ज्याने त्याने ठरवावे. क्यूच्या शिफारशीवरून १९०१ मध्ये बटलर कलकत्त्याला आले. बिनफुलांच्या वनस्पतींचे सरकारी तज्ज्ञ, असे त्यांचे पद. वय सत्तावीस. एवढ्या खंडप्राय देशात पिकांच्या बुरशीरोगांसाठी नेमलेला हा पहिला आणि एकुलता एक माणूस. पुढच्या वर्षी डेहराडून, आणि मग बिहारातले पुसा.

या पुसाबद्दल एक गंमत सांगितली जाते. लॉर्ड कर्झन यांनी १९०५ मध्ये तिथे कृषी संशोधन संस्थेची पायाभरणी केली ती अमेरिकेच्या हेन्री फिप्स यांच्या देणगीतून, म्हणून फिप्सचा प आणि यूएसए मिळून पुसा. ऐकायला छान आहे, पण खोटे. पुसा हे गावाचे जुनेच नाव, फिप्स येण्याच्या शंभर वर्षे आधीपासूनचे. १९३४ च्या बिहार भूकंपात ती इमारत पडली, संस्था १९३६ मध्ये दिल्लीला गेली आणि जाताना नाव बरोबर घेऊन गेली. दिल्लीच्या पुसाचे मूळ ते हे.

पुसाला बटलर यांनी काय केले? थोडक्यात सांगायचे तर ते रेल्वेने, बैलगाडीने, घोड्यावरून रोगट पिके बघत हिंडले आणि जे दिसले ते कागदात दाबून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवत गेले. त्या संग्रहाचा आज दिल्लीत हजारो नमुन्यांचा ठेवा झाला आहे. उसाचा लाल कूज, गव्हाचा तांबेरा, ताडाच्या शेंड्याची कूज, मातीत राहणाऱ्या बुरश्या, या सगळ्यांवर १९०६-०७ च्या आसपास त्यांची लिखाणे धडाधड निघाली. ताडाच्या रोगाचे काम गोदावरीच्या मुखाकडचे. तिथे माड-ताड शेंड्यातून सडून मरत होते. तिथल्या बुरशीला त्यांनी आधी एका कुळात घातले, पुढे स्वतःच ते चुकले म्हणून दुसऱ्या कुळात नेले. त्यामुळे तिच्या शास्त्रीय नावामागे बटलर हे आडनाव दोनदा लागते, एकदा कंसात आणि एकदा कंसाबाहेर. आपली चूक आपणच दुरुस्त केल्याची अशी पावती आमच्या बँकेत कुणाला मिळालेली मी पाहिली नाही.

तुरीची कथा मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या लेजरवरून गेलेली आहे.

मर लागलेल्या झाडाच्या मुळांवर तेव्हा एक बुरशी सापडे. अमेरिकेत अर्विन स्मिथ या मोठ्या शास्त्रज्ञाने कापूस, चवळी आणि कलिंगड यांच्या मर रोगासाठी तिलाच जबाबदार धरले होते. तेव्हा इथेही तीच असणार, असे मानून मोकळे होणे सोपे होते. पण रोगशास्त्रात आरोप सिद्ध करायची एक रीत आहे, जर्मनीच्या कॉख यांनी माणसांच्या रोगांसाठी घालून दिलेली. आजारी झाडात तो जीव सापडला पाहिजे. तो एकटा, निर्भेळ वाढवता आला पाहिजे. निरोगी झाडाला दिल्यावर तोच आजार झाला पाहिजे. आणि त्या झाडातून तोच जीव पुन्हा निघाला पाहिजे. चारही पायऱ्या चढल्याशिवाय शिक्षा नाही. बटलर यांनी संशयित बुरशी निरोगी तुरीला देऊन पाहिली. तुरीला काही होईना. ती मेलेल्या मुळावर ताव मारायला आलेली निघाली, मारेकरी नव्हे. खरा गुन्हेगार त्याच मुळात आत दडलेला दुसराच होता. तो दिल्यावर झाडे वाळली. बटलर यांनी त्याला फ्युजेरियम उडम हे नाव दिले आणि १९१० मध्ये हे सारे प्रसिद्ध केले.

हा जीव मातीतून बारीक मुळांत शिरतो आणि खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतो. नळ्या तुंबतात, काळ्या पडतात. म्हणून जमिनीत ओल असून झाड तहानेने मरते. म्हणून ती रेघ. झाड वाळले तरी बुरशी मुळा-धसकटांत काही वर्षे टिकते, आणि त्याच जागी पुन्हा तूर घातली तर तिला घरबसल्या ताट वाढल्यासारखे होते. वरून औषध मारून उपयोग नाही. रोगट झाडे मुळासकट उपटून जाळणे, तीन-चार वर्षे त्या रानात तूर न घेणे, ज्वारीसारखे पीक फिरवणे किंवा तुरीत मिसळणे, आणि न मरणारे वाण निवडणे, एवढेच उपाय. यातला एकही उपाय खर्चिक नाही. मंजुरीच्या कागदावर गट नंबर बघून त्या वर्षी तूर नको म्हणून सांगायला मला एक मिनिट लागले असते.

बटलर यांचा पुण्याशी संबंध आला तो अळूमुळे. होय, अळूवडीचा अळू. पावसाळ्यात अळूच्या पानावर पाणी साचल्यासारखे गोल डाग पडतात, ते मोठे होत पान गळून पडते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले जी. एस. कुलकर्णी आणि बटलर यांनी मिळून या करप्यावर काम केले आणि १९१३ मध्ये ते छापले. अळूची ही बुरशी म्हणजे आयर्लंडचा बटाटा खाणाऱ्या बुरशीची सख्खी बहीण. आजचे शास्त्र तर या दोघींना खऱ्या बुरश्यांत धरतही नाही, पाण्यातल्या शेवाळांशी त्यांचे नाते अधिक जवळचे मानते. पण पाऊस, ढग आणि दमट हवा मिळाली की एका रात्रीत शेत काळे करण्याची घराण्याची सवय तीच. क्लेअर परगण्यातून आलेला माणूस पुण्याच्या कुलकर्ण्यांबरोबर तिचा माग काढत बसला होता, याचे मला मोठे नवल वाटते.

कुलकर्णी यांनी त्याच वर्षी बाजरी आणि ज्वारीच्या केवड्यावरही लिहिले आणि पुढे ज्वारीच्या काणीवर. शिरूरच्या माणसाला हे दोन्ही शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. १९७१ साली संकरित बाजरीवर देशभर केवडा आला होता, तेव्हा कणसांच्या जागी पानांचे झुबके आलेले रान बघून मोठे झालेले लोक माझ्या खातेदारांत होते. बटलर यांच्या हाताखाली पुसाला काम केलेले जे. एफ. दस्तुर पुढे नागपूरला मध्य प्रांताच्या शेतीखात्यात आले. मुंबई इलाख्यात एस. एल. अजरेकर होते, उसाच्या काणीवर आणि ज्वारीच्या चिकट्यावर काम केलेले. त्यांच्या नावाचा बुरश्यांचा संग्रह पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आहे. ही संस्था आगरकर रस्त्यावर आहे आणि आघारकर वेगळे, आगरकर वेगळे, हे रिक्षावाल्याला दर वेळी सांगावे लागते. असो.

या साहेबांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट भाताची आहे. पूर्व बंगालात उफ्रा नावाचा रोग भाताची लोंबी बाहेरच येऊ देत नसे. बटलर बुरशीचे तज्ज्ञ. हातात हातोडी असलेल्याला सगळीकडे खिळे दिसावेत तशी त्यांना बुरशी दिसायला हवी होती. त्यांना तिथे बुरशी नाही, डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी आहे, असे आढळले आणि १९१३ मध्ये त्यांनी तसे जाहीर केले. आपल्या खात्यात न बसणारे उत्तर स्वीकारणे किती कठीण असते, हे मी जाणतो. माझ्या खात्यात पैसेवारी बसत होती, काळी रेघ बसत नव्हती.

सगळे त्यांना सुटले असे नाही. गव्हाचा तांबेरा दर हिवाळ्यात मैदानात येतो, उन्हाळ्याच्या भट्टीत तो जगतो कुठे, हा प्रश्न त्यांनी १९०६ मध्ये मांडला आणि तो तसाच राहिला. त्याचे उत्तर आग्रा कॉलेजात शिकवणाऱ्या करमचंद मेहता यांनी पुढे अनेक वर्षे खपून दिले. तांबेरा हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांवर उन्हाळा काढतो आणि वाऱ्यावर बसून खाली उतरतो. आपल्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना तिथे गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे हे माहीत असते, कोण जाणे.

१९१८ मध्ये कलकत्त्याच्या थॅकर स्पिंक कंपनीने बटलर यांचे फंगाय अँड डिसीज इन प्लँट्स हे पुस्तक काढले. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ हिंदुस्थान आणि पूर्वेकडच्या पिकांवरचा. तोवर इथला विद्यार्थी युरोपातल्या सफरचंदांचे आणि द्राक्षांचे रोग पाठ करीत होता. आता त्याला आपल्या तुरीचे, ज्वारीचे, उसाचे रोग पुस्तकात सापडू लागले. कॉलेजांतून हा विषय पुढे कित्येक वर्षे याच पुस्तकाच्या आधाराने शिकवला गेला. १९२० मध्ये ते इंग्लंडला परतले आणि क्यूच्या नव्या बुरशीशास्त्र केंद्राचे पहिले संचालक झाले. जगभरचे संशोधन एका ठिकाणी सारांशाने देणारे नियतकालिक त्यांनी १९२२ पासून सुरू केले. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९३१ मध्ये बिस्बी यांच्यासह भारतातल्या बुरश्यांची सूची, १९३९ मध्ये सर ही पदवी. ४ एप्रिल १९४३ रोजी ते वारले. बंगालचा दुष्काळ तेव्हा सुरू होत होता. आदल्या हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोग मोठा आला होता. तो किती कारणीभूत आणि सरकारी धोरण, युद्ध व भाववाढ किती, याचा वाद अभ्यासक अजून घालतात. अमर्त्य सेन यांनी धान्याच्या तुटीपेक्षा ते विकत घेण्याची ऐपत गेल्यावर बोट ठेवले, आणि बँकेतला माणूस म्हणून मला ते पटते.

बटलर यांचे सारे लिखाण इंग्रजीत, सरकारी अहवालांत. ते कवठे येमाईच्या बांधावर पोचले नाही हा दोष मी त्यांना देणार नाही. ते काम मधल्या माणसांचे होते, आणि मधल्या माणसांत मी होतो. याच शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची शेती, कुटुंबे आणि कर्जे पुण्याच्या हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्या मदतीने घरोघर मोजली आणि १९२१ मध्ये पुस्तक छापले. तेही मी निवृत्त झाल्यावर वाचले. शाखेत असताना ते गाव माझ्या मोटारसायकलच्या टप्प्यात होते.

गेल्या वर्षी येमाईच्या दर्शनाला गेलो तेव्हा आप्पांच्या घरी गेलो. आप्पा जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा आता पन्नाशीत आहे, कांदा करतो, ठिबक आहे. तुरीचा विषय मीच काढला. ते रान त्याने नेऊन दाखवले, विहिरीपासून बाभळीपर्यंतचा तुकडा. दुसऱ्या वर्षीच्या नुकसानीनंतर आप्पांनी कुणाला न विचारता तिथली धसकटे वेचून पेटवली होती आणि पुढे कित्येक वर्षे फक्त ज्वारी घातली होती. तूर आता तो दुसऱ्या अंगाला करतो, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९९३ मध्ये दिलेले आशा हे मर न लागणारे वाण. मी त्याला बटलर यांचे नाव सांगितले, रेघेचे कारण सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, चहा मागवला. मग म्हणाला की आप्पा माझे नाव शेवटपर्यंत चांगल्यानेच काढायचे, दुसऱ्या वर्षीचे कर्ज साहेबांनी एका हेलपाट्यात दिले म्हणून.